कोरी जागा नसलेला नकाशा

घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा खेळ आता आपल्याकडच्या मुलांनाही नवा राहिलेला नाही. या खेळांतील सर्वांत गाजलेला म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. त्याची पहिली आवृत्ती १९८२ सालची. पण ऑगस्ट २०२० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील असोबो स्टुडिओने तयार केलेली आवृत्ती आली आणि खेळाचे स्वरूपच पालटले. या आवृत्तीत सारी पृथ्वी आहे. कोठूनही उड्डाण करावे, कोठेही उतरावे. खाली उपग्रहांतून व विमानांतून टिपलेल्या छायाचित्रांची जमीन, वर त्या वेळी त्या ठिकाणी असलेले हवामान. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्या पुढची आवृत्तीही आली. परंतु 'अगदी खऱ्यासारखे दृश्य' ही कल्पना घरोघरी पोचवली ती २०२० च्या आवृत्तीने, म्हणून येथे तिचाच विचार करू.

विमान कसे चालते याचे परीक्षण करणारे पुष्कळ आहेत. आम्हांला रस आहे तो खिडकीबाहेरच्या देखाव्यात. हा खेळ घेणाऱ्यांपैकी बरेच जण विमानतळावर अचूक उतरण्यासाठी नव्हे, तर नुसते पाहण्यासाठी उडत असतात. ढगांच्या तळातून वर निघताना होणारा लख्ख उजेड, दूरवर एकाच पट्ट्यात कोसळणारा पाऊस, संध्याकाळी दरीत लांबत जाणाऱ्या सावल्या, यांत खरोखरीच आनंद आहे, आणि त्याला नावे ठेवण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. प्रश्न उठतो तो शिक्षक हा पडदा वर्गात भूगोलासाठी किंवा हवामानाच्या पाठासाठी वापरू म्हणतो तेव्हा. जे दिसते ते कितपत खरे?

सिम्युलेटरचा उगम देखाव्यात नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक या तरुणाने वडिलांच्या ऑर्गन वाद्यांच्या कारखान्यातील भाते व पंप वापरून १९२९ मध्ये वैमानिकांच्या शिक्षणाचे यंत्र बनवले. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे टपालवाहतूक आली, खराब हवेत अनेक वैमानिक दगावले आणि मग लष्कराने ही यंत्रे विकत घेतली. त्या पेटीचे झाकण लावले की बाहेरचे काहीही दिसत नसे. ढगात शिरलेल्या वैमानिकाला काही दिसत नाही, केवळ समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवावा लागतो, हेच तर शिकवायचे होते. पुढे १९८० च्या सुमारास ब्रूस आर्टविक यांनी घरगुती संगणकासाठी सिम्युलेटर केला. त्यातले डोंगर म्हणजे चार रेघा. त्या रेघांना कोणी खरा डोंगर समजण्याचा संभवच नव्हता. आज तो संभव आहे. म्हणून 'दृश्य खरे की खोटे' असा ढोबळ प्रश्न न विचारता दृश्यातील प्रत्येक घटक कोठून आला, हे पाहिले पाहिजे. तसे पाहू गेल्यास एकाच चित्रात निरनिराळ्या प्रतीचे ज्ञान एकत्र आलेले दिसते.

पहिला घटक गणिताचा. सूर्य आकाशात कोठे आहे, हे अक्षांश, रेखांश, तारीख व वेळ यांवरून अत्यंत अचूकपणे काढता येते. आकाशाचा निळेपणा आणि मावळतीचा तांबूसपणा हेही हवेच्या रेणूंकडून प्रकाश कसा विखुरला जातो, याच्या नियमांतून काढता येतात. तरंगलांबी कमी तितके विखुरणे अधिक. म्हणून माथ्यावर निळा आणि क्षितिजापाशी लांब वाट तुडवून आलेला लाल. सिम्युलेटरमधील या भागावर शिक्षकाने विसंबायला हरकत नाही. पुण्यात मेच्या मध्यास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते. सिम्युलेटरमध्ये तीच तारीख व वेळ लावून पाहावी आणि त्याच दिवशी शाळेच्या मैदानात काठी उभी करून पडताळा घ्यावा.

दुसरा घटक मोजणीचा. जमिनीचा चढउतार आज उपग्रहांवरून व अवकाशयानांवरून मोजला जातो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातील रडारने अकरा दिवसांत पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाच्या उंचीची नोंद केली. तिच्यातील बिंदूंमधले अंतर सुमारे ३० मीटर. अशा नोंदींतून डोंगररांगांचा आकार चांगला साधतो, पण दोन बिंदूंच्या मधला अरुंद सुळका झिजून बोथट होतो. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. अशा जाळीत प्रत्येक बिंदूला उंचीचा एकच आकडा असतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे, म्हणजे माथ्याच्या खाली पोकळी आहे. एका बिंदूला एक उंची या पद्धतीत ती पोकळी मांडताच येत नाही. तेथे भिंत मिळेल किंवा उतार मिळेल, कोकणकडा मिळणार नाही.

तिसरा घटक छायाचित्राचा. छायाचित्र खरे असते, पण ते कोणत्या तरी एका दिवसाचे असते. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढगांचे आच्छादन असल्याने स्वच्छ चित्रे मिळतात ती बहुधा कोरड्या महिन्यांत. २०२० च्या आवृत्तीत बर्फ पडलेले दिसते, परंतु पावसाने हिरवी झालेली जमीन दिसत नाही. त्यामुळे जुलै महिन्यात घाटावरून उडावे तर वर आषाढाचे ढग आणि खाली फाल्गुनातले पिवळे गवत, असा प्रकार होतो. काही ठिकाणी मूळ छायाचित्रातली सावली एका बाजूला आणि सिम्युलेटरच्या सूर्याने पाडलेली सावली दुसऱ्या बाजूला, अशा दोन सावल्याही सापडतात. चौकस विद्यार्थ्याला हा दोष म्हणजे पर्वणीच. पहिल्या सावलीवरून छायाचित्र दिवसाच्या कोणत्या प्रहरी घेतले असावे, याचा अंदाज त्याला बांधता येईल.

चौथा घटक अनुमानाचा, आणि येथे आमची तक्रार सुरू होते. जगातील काही शे शहरांची अनेक कोनांतून घेतलेली छायाचित्रे जुळवून त्रिमितीय रूप तयार केलेले आहे. उरलेल्या जगातील घरे मात्र यंत्राने अनुमानाने उभी केली. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील ब्लॅकशार्क या कंपनीच्या संगणकप्रणालीने वरून घेतलेल्या छायाचित्रांत छपरे ओळखली आणि त्यांखाली अंदाजाने भिंती, मजले व खिडक्या घातल्या. अशा इमारतींची संख्या दीड अब्जाच्या घरात आहे. काम अचाट आहे, यात शंका नाही. पण ऑगस्ट २०२० मध्येच लोकांना ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या एका साध्या वस्तीत आभाळात घुसलेला २१२ मजल्यांचा सुळका दिसला. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना भर घालता येणाऱ्या नकाशात कोणीतरी २ मजल्यांऐवजी २१२ असा आकडा घातला होता. नकाशातली चूक नंतर दुरुस्तही झाली, पण सिम्युलेटरने घेतलेल्या जुन्या माहितीत ती तशीच राहिली. लंडनचा बकिंगहॅम राजवाडाही त्या पहिल्या आवृत्तीत एखाद्या कचेरीच्या इमारतीसारखा दिसत होता.

या चुका हसण्यावारी गेल्या, कारण त्या सर्वांच्या नजरेस आल्या. आम्हांला काळजी वाटते ती नजरेस न येणाऱ्या चुकांची. एखाद्या खेड्यातील शाळेचे घर झाले, देवळाची वखार झाली, तर ते जगातल्या कोणाच्या ध्यानी येणार? त्या खेड्यातील माणसाखेरीज कोणाच्याच नाही.

पाचवा घटक हवामान. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील मेटिओब्लू या संस्थेच्या हवामान-प्रारूपांतून ते येते. पुढे विमानतळांवरील निरीक्षणेही त्यात मिसळण्यात आली. प्रारूपात वातावरणाचे चौकटींत विभाजन करतात आणि प्रत्येक चौकटीतील तापमान, वारा, दाब व आर्द्रता गणिताने पुढे सरकवतात. चौकटीची रुंदी काही किलोमीटर ते काही दशके किलोमीटर असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस लॉरा हे चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातातून लुइझियानाकडे सरकत असताना अनेकांनी सिम्युलेटरमधून त्यावरून उड्डाणे केली आणि त्याचे चक्राकार रूप पाहिले. हे साधले, कारण चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि असंख्य चौकटी व्यापते. पण दुपारी माळरानावर उगवणारा कापसासारखा क्युम्युलस ढग एखाद्या किलोमीटरचा. तो चौकटीत मावून जातो. प्रारूप एवढेच सांगते की या चौकटीत आकाशाचा इतका भाग ढगाळ आहे. प्रत्येक ढगाचा आकार आणि जागा संगणक मनाने रचतो. म्हणजे पडद्यावरचा जो ढग आपण डोळे भरून पाहतो, तो त्या क्षणी आकाशात नसतो; त्याच्या जातीचे ढग तेथे असावेत, एवढेच खरे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला जवळच असलेल्या वाईला हजाराच्या आत. रुंद चौकटीत अशा दोन गावांची सरासरी होऊन जाते.

आता आमचे मत. अनुमान करणे हा दोष नव्हे. विज्ञानाचे निम्मे काम अनुमानाचेच आहे. दोष हा, की या चित्रात गणित, मोजणी, भाकीत आणि अंदाज या सर्वांना एकच झिलई दिलेली आहे. फ्रेंच नकाशाकार दांव्हिल याने १७४९ मध्ये आफ्रिकेचा नकाशा काढला, तेव्हा ज्या अंतर्भागाची विश्वसनीय माहिती नव्हती तो त्याने कोरा ठेवला. त्याच्याआधीचे नकाशाकार अशा जागी काल्पनिक डोंगर व प्राणी भरत. कोरी जागा हा नकाशाशास्त्रातला मोठा पराक्रम होता, कारण तिने पुढच्या पिढीला काय शोधायचे ते दाखवले. या सिम्युलेटरच्या पृथ्वीवर एकही कोरी जागा नाही. पाहणाऱ्याला वाटते, सगळे माहीत झाले आहे.

यावर कोणी म्हणेल, हा खेळ आहे. त्याला सर्वेक्षणाचे नियम कशाला? पण या खेळाची ख्याती त्याच्या वास्तवतेवरच उभी आहे. आम्ही देखावा कमी सुंदर करा असे म्हणत नाही. एक कळ दाबताच मोजलेले एका रंगात, भाकीत दुसऱ्या रंगात आणि अंदाज तिसऱ्या रंगात दिसावा, एवढीच अपेक्षा आहे. ज्याला नुसते पाहायचे त्याने ती कळ दाबू नये. ढग कसा रचला गेला हे कळल्याने त्याचे देखणेपण उणावत नाही, असा आमचा अनुभव आहे.

तोवर हे काम शिक्षकांनी करावे. विमानतळांवरून दर तासाला किंवा अर्ध्या तासाला हवामानाची नोंद प्रसिद्ध होते. तिच्यात वारा, दृश्यता, ढगांचे प्रमाण, तापमान, दवबिंदू व दाब असतात. तापमान व दवबिंदू यांतील फरकाच्या प्रत्येक अंशाला सुमारे १२५ मीटर धरले, की दुपारच्या क्युम्युलस ढगांच्या तळाची उंची मिळते. तापमान ३२ अंश आणि दवबिंदू २४ अंश असेल तर तळ सुमारे १००० मीटरवर. मग सिम्युलेटरमधून त्याच वेळी त्याच जागी उडून ढगांचा तळ किती उंचीवर लागतो ते पाहावे आणि फरकाची कारणे मुलांना शोधू द्यावीत.

दुसरे काम याहून महत्त्वाचे. मुलांनी आपल्याच गावावरून उडावे आणि वहीत तीन रकाने करावेत: बरोबर काय, चुकीचे काय, नाहीच ते काय. गावची शाळा, देऊळ, विहीर, ओढ्यावरचा पूल कोठे आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ही माहिती त्यांना स्वतः मोजून भरता येईल. मात्र मजल्यांचा आकडा लिहिताना तो दोनदा तपासावा.