रामगढची भीती

‘शोले’ हुबळीत पाहून आम्ही अमरगोळला परतलो, त्या रात्री घरात चर्चा झाली ती गब्बरसिंगाची नव्हे, दगडांची. दरोडेखोरांचा मुलूख म्हणजे चंबळ, आणि चंबळची खोरी मातीची. मग हे एवढाले काळे धोंडे कुठले, असा वडिलांचा प्रश्न होता. पुढे कळले की ते रामगढ आपल्याच राज्यात, बंगळूर–म्हैसूर रस्त्यावरील रामनगरच्या डोंगरांत उभारलेले होते. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी त्या खडकांच्या पायथ्याशी अख्खे गाव वसवले आणि १९७३ च्या ऑक्टोबरात चित्रीकरण सुरू झाले. दगड कन्नड मुलखातले, संवाद सलीम–जावेद यांच्या हिंदुस्थानीतले आणि संकलन एम. एस. शिंदे या मराठी माणसाचे! पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना अशी सरमिसळ नवी नाही.

हॉलिवूडच्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांचा हा भारतीय अवतार आहे, हे सर्वमान्य आहे. उसनवारीही उघड आहे. कुरोसावांचा ‘सेव्हन समुराई’ (१९५४), त्यावरून निघालेला ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०), आणि कुटुंबाच्या हत्याकांडासाठी सर्जिओ लिओनीचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८). या यादीवर बोट ठेवून ‘शोले’ला नाके मुरडणारे रसिक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा आक्षेप खोटा नाही. मात्र उसने काय घेतले हे मोजण्याच्या नादात बदलले काय, हे पाहायचे राहून जाते.

कुरोसावांच्या चित्रपटात शेतकरी स्वतः एकत्र बसून, विचारविनिमय करून रक्षणकर्ते शोधायला निघतात. रामगढमध्ये तसे घडत नाही. जय आणि वीरू यांना ठाकूर आणतो, एकटा, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या सूडासाठी. गावाला कोणी विचारलेलेच नसते. त्यामुळे या कथेत एक ऋण थकून राहते आणि ते फेडले जाते इमामसाहेबांच्या अंगणात. आंधळ्या इमामाचा मुलगा अहमद (ही भूमिका आपल्या सचिन पिळगावकरांची) जबलपूरच्या विडी कारखान्यातील नोकरीसाठी निघतो आणि त्याचे प्रेत घेऊन घोडा परततो. सोबत गब्बरची चिठ्ठी असते: ते दोघे माझ्या हवाली करा. गावकरी एकेक करून ठाकुराला सांगू लागतात की हा भार आता आमच्याने सोसवणार नाही.

त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. महसूल खात्यातील नोकरीत मी गावोगावच्या अशा बैठकांना बसलो आहे. साहेब, तुम्ही संध्याकाळच्या गाडीने परत जाल, आम्हाला इथेच राहायचे आहे, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की पुढे पुढे त्यावर उत्तर देणेच सोडून दिले. ‘हाय नून’ (१९५२) मध्ये गॅरी कूपरचा मार्शल चर्चमध्ये जाऊन मदत मागतो, तेव्हा तिथले सज्जन नागरिक रीतसर चर्चा करून त्याला एकटे पाडतात. रामगढही त्याच उंबरठ्यावर उभे असते. त्याला मागे खेचतो तो बंदूकवाला नव्हे, सर्वस्व गमावलेला बाप. गावासाठी द्यायला आणखी मुलगे का दिले नाहीस, असे देवाला विचारीन, म्हणून तो अजान ऐकून मशिदीकडे वळतो. गावाची संमती या क्षणी मिळते, आणि चित्रपटाचा कणा मला इथे दिसतो. गब्बरचे संवाद वरातीतले लोकही म्हणून दाखवतात.

या प्रसंगाला धार येते ती संकलनामुळे. अहमदला मारताना आपण पाहत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, आणि पुढे घोडा दिसतो. ठाकुराच्या नातवावर रोखलेल्या बंदुकीचा बारही असाच आगगाडीच्या आवाजात मिसळतो. क्रौर्य प्रेक्षकाच्या मनात घडवायचे, पडद्यावर नाही, हा तो संयम. फिल्मफेअरचा ‘शोले’ला मिळालेला एकमेव पुरस्कार शिंद्यांना संकलनासाठी मिळाला, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले. मला वाटत नाही.

शेवटाविषयी मात्र माझे मत बदलले आहे. चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झाला, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो. सेन्सॉरला ते रुचले नाही. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेणे कसे चालेल? म्हणून ऐन वेळी पोलीस येतात, ठाकुराला कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बर त्यांच्या ताब्यात जातो. नोकरीत असताना मी या शेवटाचे समर्थन करीत असे. सरकारी माणसाने आणखी काय करावे?

जीर्णोद्धार केलेली, मूळ शेवट असलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली आणि हा विषय पुन्हा निघाला. मूळ शेवट पाहिला तेव्हा मारण्यापेक्षा त्यानंतरचे दृश्य माझ्या लक्षात राहिले. गब्बर मेल्यावर ठाकूर विजयी दिसत नाही, कोसळून रडतो. डोळे पुसायलाही त्याला हात नाहीत. सूड पुरा झाला तरी घरची माणसे परत येत नाहीत, हे त्या रडण्यात आहे. कायद्याचा मान राखण्यासाठी सेन्सॉरने नेमके हेच रडणे कापून टाकले. आणि बदललेल्या शेवटातले पोलीस? इमामाच्या अंगणात प्रेत आले, तेव्हा त्यांच्यातला एकही तिथे नव्हता.