गणेश हालोई यांची चित्रभूमि

चित्रांतील एकादें चिन्ह समजलें नाहीं कीं, आपला सुशिक्षित रसिक अस्वस्थ होतो. ‘याचा अर्थ काय?’ हा त्याचा पहिला प्रश्न. आणि वर्गांत कवितेचे अर्थ सांगण्यांत उभा जन्म घालविलेले आमच्यासारखे लोक या संवयीला बरेचसे जबाबदार आहेत. बंगालचे ज्येष्ठ चित्रकार गणेश हालोई यांचीं चित्रें पाहतांना तिची चांगलीच परीक्षा होते.

कागदावर पसरलेला हिरवा किंवा गेरूसारखा पट्टा. त्यावर कांहीं ठिपके, तुटक रेषा, एकादा त्रिकोण, होडीच्या बुडासारखी एक वक्र रेषा. शेत म्हणावें तर पीक नाहीं, नदी म्हणावी तर काठ नाहीं. तरीहि ही भूमि आहे, याविषयीं डोळ्यांना शंका येत नाहीं.

हालोई यांचा जन्म १९३६ सालीं, आज बांगलादेशांत असलेल्या जमालपूर येथें झाला. ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकाठचें हें गांव फाळणीनें दुरावलें. १९५० सालीं ते कलकत्त्यास आले. पुढें १९५७ सालीं पुरातत्त्व खात्यानें त्यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करण्यास नेमलें, व कित्येक वर्षें ते त्या लेण्यांत राबले. तेथील गिलावा जागोजाग गळालेला. कोठें हात शिल्लक, पण तो ज्याचा, तो मनुष्य नाहींसा झालेला. तुकड्यावरून पूर्णत्व जाणण्याची दृष्टि त्यांस तेथेंच लाभली असावी, असें माझें अनुमान आहे.

यावरून कोणी म्हणेल कीं, कोडें सुटलें. वक्र रेषा म्हणजे गांवची होडी, ठिपके म्हणजे भाताचीं रोपें. हें मला मान्य नाहीं. चरित्र आपल्याला चित्राच्या दाराशीं नेऊन सोडतें. आंत डोळ्यांनींच शिरावें लागतें. चिन्हाच्या जागीं एकच वस्तु बसविली कीं चिन्ह मरतें. जें गांव नकाशावर आहे पण परत मिळत नाहीं, त्याची आठवण रेखीव आकारानें येत नाहीं. ती ओल, उतार, अंतर अशा रूपानें येते. हालोई तेंच रंगवितात. त्यांची गूढता मला म्हणूनच प्रामाणिक वाटते.

दोष दाखवावयाचा तर इतकाच कीं, कांहीं चित्रांत हीं चिन्हें अंगवळणीं पडल्यासारखीं येतात. तेथें ठिपका पडतो, तो केवळ जागा रिकामी आहे म्हणून. अशा वेळीं चित्र सुंदर राहतें, पण भूमि उरत नाहीं.

अथेन्स व कासेल येथें २०१७ सालीं भरलेल्या ‘दोकुमेंता’ प्रदर्शनांत हालोई यांची कला जगापुढें आली. अजिंठ्यास आपलें मानणाऱ्या महाराष्ट्रीय रसिकानेंहि तिचा परिचय करून घ्यावा. मात्र निदान पहिल्या घटकेस तरी अर्थ विचारूं नये.