खलनायक दिसतात, यंत्रणा दिसत नाही

लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक सप्टेंबर २००८मध्ये बुडाली आणि त्यानंतर वर्षभराने मायकेल मूर यांचा ‘कॅपिटॅलिझम : अ लव्ह स्टोरी’ हा माहितीपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मधल्या काळात अमेरिकेत असंख्य कुटुंबांची घरं जप्त झाली होती. बँका वाचवायला तिथल्या काँग्रेसने सत्तर हजार कोटी डॉलर मंजूर केले होते. हे सगळं झालं कसं, हे मात्र घर गमावलेल्या माणसाला कुणी समजावून सांगत नव्हतं. राजकीय माहितीपटासाठी याहून योग्य वेळ शोधून सापडली नसती. मूर यांनी ती वाया घालवली, आणि त्यांचा संताप मला पटतो म्हणूनच त्याचं वाईट वाटतं.

‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणजे काय, असं ते चित्रपटात वॉल स्ट्रीटच्या एका माजी अधिकाऱ्याला आणि हार्वर्डच्या एका प्राध्यापकाला विचारतात. दोघं अडखळतात, प्रेक्षक हसतात, चित्रपट पुढे सरकतो. माझ्या मते तो इथेच हरतो. कारण ती गोष्ट समजण्यापलीकडची नाही. घरासाठी कर्ज देणारी संस्था ते कर्ज स्वतःकडे ठेवत नव्हती, विकून मोकळी होत होती. गुंतवणूक बँका अशी हजारो कर्जं एकत्र करून त्यांचे रोखे बनवत. पतमापन संस्था त्यांवर सर्वोत्तम दर्जाचा शिक्का मारत आणि त्या शिक्क्याचे पैसे रोखे काढणाऱ्यांकडूनच घेत. कर्ज थकलं तरी ते देणाऱ्याच्या खिशाला झळ बसत नव्हती, म्हणून ऐपत न पाहता कर्ज दिलं गेलं. रोखे बुडतील यावर पैज लावायला तर ते जवळ असण्याचीही गरज नव्हती. प्रत्येकाने फक्त आपला त्या तिमाहीचा आकडा गाठायचा. एवढं दहा मिनिटांत पडद्यावर मांडता येतं. चार्ल्स फर्ग्युसन यांनी पुढच्याच वर्षी ‘इनसाइड जॉब’मध्ये ते मांडलं आणि ऑस्करही मिळवलं. त्यांच्या चित्रपटात घर गमावलेली माणसं ओझरतीच दिसतात, ही त्याची उणीव. पण बँकांकडून मानधन घेणाऱ्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना ते नेमका प्रश्न विचारतात, तेव्हा समोरच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला आपल्याला दिसतो.

मूर यांचा ‘रॉजर अँड मी’ (१९८९) आठवला की निराशा वाढते. जनरल मोटर्सने फ्लिंटमधले कारखाने बंद केले होते आणि तो निर्णय घेणारा अध्यक्ष हयात होता, खुर्चीत होता. त्याच्या मागे कॅमेरा घेऊन धावण्यात अर्थ होता. वीस वर्षांनी मूर गुन्ह्याच्या जागेला लावतात तशी पिवळी पट्टी वॉल स्ट्रीटवरच्या इमारतींभोवती गुंडाळत फिरतात. ज्यांना ते जाब विचारू पाहतात, ते कुणीच खाली येत नाहीत, आणि आलेही असते तरी त्यांना काय विचारायचं हे चित्रपटाने ठरवलेलं नाही. मग पाद्री येऊन भांडवलशाही हे पाप असल्याचं सांगतात. तो निवाडा मान्य केला तरी ज्ञानात भर पडत नाही.

चित्रपटात मोलाचं काहीच नाही असं नव्हे. आपल्याच कर्मचाऱ्यांच्या आयुष्याचा विमा गुपचूप उतरवून, त्यांच्या मृत्यूनंतर ती रक्कम स्वतः घेणाऱ्या कंपन्यांचा भाग हादरवून टाकतो. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं १९४४मधलं चित्रीकरणही आहे. नोकरी, घर, औषधोपचार हे हक्क मानावेत असं ते सांगतात. ते का झालं नाही, कुणी अडवलं, याकडे मात्र चित्रपट वळत नाही.

त्याच २००९मध्ये दीपा भाटिया यांनी पत्रकार पी. साईनाथ यांच्यावर ‘नीरोज गेस्ट्स’ केला. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरात शिरलेला तो कॅमेरा तिथे फक्त रडणं टिपत बसत नाही. साईनाथ बोलू लागतात आणि त्या घरातून कर्जाकडे, शेतमालाच्या भावाकडे, श्रीमंत देशांच्या अनुदानांकडे वाट निघते. २०१९चा ‘अमेरिकन फॅक्टरी’ वेगळ्या रीतीने तिथेच पोचतो. ओहायोत जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना एका चिनी काचकंपनीने घेतला. ज्युलिया रायकर्ट आणि स्टीव्हन बोग्नार मालकाच्या बैठकीत आणि कामगाराच्या घरात सारख्याच धीराने बसले. कारखान्यात युनियन हवी का, यावरच्या मतदानात बाजूने ४४४ मतं पडतात आणि विरोधात ८६८. का, ते वेगळं सांगावं लागत नाही; आपण ते घडताना पाहिलेलं असतं.

असा धीर मूर यांनी शिकागोत धरायला हवा होता. डिसेंबर २००८मध्ये रिपब्लिक विंडोज अँड डोअर्सच्या कामगारांनी थकलेल्या पैशांसाठी कारखान्यातच ठाण मांडलं. चित्रपटातला हा सर्वांत जिवंत भाग. बँकेने पतपुरवठा थांबवताच चालता कारखाना बंद का पडतो, हा सगळ्या व्यवस्थेचा प्रश्न तिथे समोर उभा होता. पैसे मिळाल्याच्या जल्लोषावर मूर निघून जातात. कारखाना नंतर नव्या मालकाच्या हातूनही गेला, आणि २०१३मध्ये त्यातल्याच काही कामगारांनी ‘न्यू एरा’ हा सहकारी कारखाना सुरू केला. यंत्रं घ्यायला भांडवल कुणी दिलं, कोणत्या अटीवर दिलं, तोटा झाला तर तो कुणाच्या अंगावर येणार होता: हे सगळं चित्रपटानंतरचं असलं, तरी अशाच प्रश्नांसाठी कॅमेरा तिथे थांबायला हवा होता.