झुंजार, काळापहाड आणि हरवलेली मुखपृष्ठं

बाबूराव अर्णाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावं घेतली की जुने वाचक आजही खुलतात. पण कथानक विचारा, अडखळतील. मुखपृष्ठ मात्र डोळ्यांसमोर असतं, आणि त्यातली बरीच रघुवीर मुळगावकरांची.

गंमत म्हणजे दोघांचा स्वभाव उलटा. अर्णाळकरांची लेखणी घाईची. वर्णनाला फाटा, पुढे काय झालं तेवढं सांगायचं. मुळगावकरांचा हात निवांत. देवादिकांच्या चित्रांना जी तुकतुकीत कांती, तीच ते रहस्यकथेच्या नायिकेलाही देत. म्हणजे भीती आत, मोह बाहेर. पोरांना पुस्तकाकडे ओढलं चित्रानं, धरून ठेवलं अर्णाळकरांनी. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा काटकुळा फास्टर फेणे वेगळा. त्याच्यात पोरगं स्वतःला बघतं. झुंजारकडे नुसतं बघत राहतं.

१९५६ साली गोंदिया मुंबई राज्यात गेलं, बालाघाट-किरनापुर मध्य प्रदेशातच राहिलं. शाळेत हिंदी, घरात मराठी, अशा घरांत मराठी वाचनाची गोडी टिकवायला असलीच पुस्तकं कामाची. त्यांना हलकं वाङ्मय म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

मजकूर पुन्हा छापता येतो. पण नवी बांधणी करताना मुखपृष्ठ गेलं की चित्र, किंमत, दुकानाचा शिक्का, सगळंच जातं. माळ्यावर एखादी प्रत असेल तर रद्दीत घालू नका हो; निदान मुखपृष्ठाचा फोटो तरी काढून ठेवा.