डोंगरावर कायोटी, खाली शेळ्या

बार्बरा किंगसॉल्व्हरच्या ‘प्रॉडिगल समर’ (2000) या कादंबरीत एकाच डोंगराच्या आसऱ्यानं दोन गोष्टी चालू असतात. वर जंगलात कायोटींचं एक कुटुंब नुकतंच राहायला आलंय. खाली खोऱ्यात एक तरुण विधवा शेत वाचवण्यासाठी शेळ्या पाळायला घेते. मी सबंध पुस्तकभर या दोन गोष्टींची गाठ पडायची वाट पाहत होते. ती पडत नाही. पुस्तक मला आवडलं, काही पानं तर फारच. तरी आज त्या न झालेल्या भेटीबद्दल लिहायचंय, कारण कायोटीच्या शेजारी राहणं म्हणजे नेमकं काय, हे तिथंच कळलं असतं.

आधी कायोटीची ओळख. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पहिल्यांदा पाहिला तो कार्टूनमध्ये. रोडरनर पक्ष्याच्या मागे धावणारा, रॉकेटं मागवणारा आणि शेवटी कड्यावरून खाली कोसळणारा वाइल ई. कायोटी. कुणी त्याला लांडगा समजायचं, कुणी कोल्हा. खरा कायोटी या दोघांच्या मधला आहे. आपला कोल्हा आणि लांडगा ज्या कुळातले, त्याच कुळातला. अंगानं कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा, लांडग्यापेक्षा बराच लहान. उंदीर, ससे, मेलेली जनावरं, पडलेली फळं असं मिळेल ते खातो. आणि संधी मिळाली तर कोकरूही उचलतो. सगळं भांडण या शेवटच्या वाक्याचं आहे.

चक जोन्सनं 1949 साली हा कार्टूनमधला कायोटी जन्माला घातला, आणि त्याची प्रेरणा मार्क ट्वेन असल्याचं त्यानंच सांगून ठेवलंय. ट्वेनच्या ‘रफिंग इट’ (1872) या प्रवासवर्णनात कायोटी येतो तो हाडं निघालेला, कायम भुकेला, लाचार आणि लुच्चा होऊन. वर्णन भन्नाट विनोदी आहे. वाचताना हसू येतं, पण थोड्या वेळानं खटकतं: या प्राण्याकडे कुणी दया म्हणूनसुद्धा पाहू नये, अशीच त्याची मांडणी आहे. ज्याच्यावर आधी मनसोक्त हसून घेतलं, त्याला नंतर मारणं सोपं जातं.

आणि मारलं गेलंच. 1931 साली अमेरिकी संसदेनं कायदा करून कायोटीसारख्या शिकारी प्राण्यांचा नायनाट हे सरकारी काम ठरवलं. सापळे, बंदुका, पुढे विमानांतून गोळीबार, आणि विष. त्यातलं ‘1080’ नावाचं विष मांसात घालून माळांवर ठेवलं जायचं, आणि ते खाऊन कायोटीबरोबर गरुड आणि इतरही प्राणी मरायचे. 1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा विषांचा वापर थांबवला. मारणं मात्र थांबलं नाही. आजही सरकारी यंत्रणा दरवर्षी हजारोंच्या संख्येनं कायोटी मारते.

एवढं होऊन कायोटी वाढला. पूर्वी तो मुख्यतः पश्चिमेच्या माळरानांवरचा प्राणी. पूर्वेतून लांडगे संपवले गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली, तसा तो पुढं सरकत अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. दक्षिणेकडे पनामापर्यंत गेलाय. डॅन फ्लोरेस या इतिहासकारानं ‘कायोटी अमेरिका’ (2016) या पुस्तकात ही सगळी कहाणी सांगितली आहे. आदिवासींच्या कथांमधल्या कायोटी देवापासून शहरांच्या गल्ल्यांत फिरणाऱ्या कायोटीपर्यंत. रंगून जाऊन लिहिलेलं पुस्तक आहे. फ्लोरेसच्या लेखी कायोटी हा नायक आहे: हार न मानणारा, जुळवून घेणारा, माणसाला पुरून उरणारा.

ट्वेनच्या टिंगलीवर हा उतारा हवाच होता. पण नायक केलेल्या प्राण्याला शेजारी म्हणता येतं का? शेजाऱ्याची कोंबडी आपल्या वाफ्यात शिरते, त्याचा कुत्रा रात्री भुंकतो, आणि तरी त्याच्याशी रोजचं निभवावं लागतं. नायकाच्या वाट्याला आपण फक्त टाळ्या देतो. म्हणून मला फ्लोरेसपेक्षा किंगसॉल्व्हरकडून जास्त अपेक्षा होती. कादंबरीत माणसांना घरं असतात, कर्जं असतात, कुंपणं असतात.

‘प्रॉडिगल’ म्हणजे उधळा. या नावातला उन्हाळा आपल्या उन्हाळ्यासारखा रखरखीत नाही. अपालाचिया पर्वतरांगांमधला हा ऋतू ओला, हिरवा, पिल्लांनी आणि किड्यांनी गजबजलेला असतो. आपल्याला तो श्रावणासारखा वाटेल. या एका ऋतूत तीन कथानकं आलटून पालटून चालतात. वर डोंगरावर डिआना वुल्फ ही वनखात्याची कर्मचारी एकटी राहते. कायोटींवर प्रबंध लिहिलेली ही बाई त्यांची गुहा सापडल्यावर ती सगळ्यांपासून लपवून ठेवते. खाली शेतावर लुसा, कीटकशास्त्र शिकलेली शहरी मुलगी, जिचा नवरा लग्नानंतर लवकरच अपघातात जातो. आणि तिसरीकडे म्हातारा गार्नेट वॉकर, जो रोगानं नष्ट झालेलं चेस्टनटचं झाड परत आणायच्या ध्यासात आहे आणि औषध फवारण्यावरून शेजारीण नॅनी रॉलीशी भांडतोय.

किंगसॉल्व्हर जीवशास्त्र शिकलेली आहे, आणि तिचं शास्त्र पुस्तकात छान मुरलंय. नॅनी गार्नेटला समजावते की कीटकनाशक फवारलं की कीड खाणारे किडेही मरतात, आणि मग कीड पूर्वीपेक्षा जास्त होते. डिआनाचं कायोटीबद्दलचं म्हणणं याच धाटणीचं आहे. टोळीतली मुख्य जोडी मारली की टोळी विस्कटते आणि जास्त माद्या विणतात. म्हणजे मारणं फुकट जातं. सफरचंदांच्या बागेतला वाद आणि जंगलातला वाद हा एकच वाद आहे, हे वाचकाला कुणी सांगत नाही. ते आपलं आपल्याला उमगतं. कादंबरीची बांधणी इथं खरोखर चांगली आहे.

अडचण डिआनासमोर उभ्या केलेल्या माणसात आहे. एडी बाँडो हा वायोमिंगच्या मेंढपाळ घरातला तरुण, देखणा शिकारी. तो कायोटी मारायला आलाय आणि डिआना त्याच्या प्रेमात पडते. दोघांमधली ओढ लेखिकेनं झकास रंगवली आहे, पण वाद रंगत नाही. डिआना लांबलचक बोलते, तिच्याकडे आकडे आहेत, प्रबंध आहे. एडीकडे बंदूक आहे आणि मौन आहे. त्याच्या घरच्या मेंढ्या आपल्याला एकदाही दिसत नाहीत. फाडलेलं कोकरू पहाटे सापडल्यावर त्याचा बाप काय करत असेल, हे पुस्तक विचारत नाही. एडीचा द्वेष जणू वारशानं आलेली सवय आहे, त्यामागं काही घडलेलं नाही, असं वाटत राहतं. असा प्रतिपक्ष असला की जिंकायला फारसं काही लागत नाही.

पश्चिमेतल्या मेंढपाळांची बाजू पूर्ण बरोबर होती, असं मला म्हणायचं नाही. अमेरिकेत 1942 साली सुमारे 5 कोटी 60 लाख मेंढ्या होत्या, आज त्या जेमतेम 50 लाखांच्या आसपास आहेत. या घसरणीला कृत्रिम धागे, परदेशातून येणारं मांस, लोकांची बदललेली आवड, मजुरांची टंचाई अशी बरीच कारणं आहेत. कारखान्यातल्या नायलॉनवर गोळी झाडता येत नाही, कायोटीवर येते. या रागाचं मूळ शोधणारी कादंबरी किती वेगळी झाली असती! एडीमध्ये ती शक्यता होती.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डिआनाचा आणि फ्लोरेसचा एक लाडका युक्तिवाद असा, की कायोटी मारून उपयोगच नाही, ते वाढतातच. समजा, उपयोग झाला असता तर? लांडग्यांच्या बाबतीत झालाच की. त्याच देशात, तशाच विषानं आणि सापळ्यांनी लांडगे बहुतेक राज्यांतून पुसले गेले. म्हणजे ‘मारणं फुकट जातं’ हा कायोटीचा बचाव त्याच्या चिवटपणावर टेकलाय. तो कमी चिवट असता तर त्याच्या बाजूनं बोलायला आपल्याकडे काय उरलं असतं? डिआनाचा दुसरा मुद्दा, की शिकारी प्राणी निसर्गाचा तोल राखतात, हाही उपयोगाचाच आहे. उंदीर खातो म्हणून ठेवायचा. ज्या शेतात त्यानं उंदरांऐवजी करडू खाल्लं, तिथं हा हिशेब उलटा फिरतो.

म्हणूनच लुसाच्या शेळ्या. माझ्या आजोळी शेळ्या होत्या. कोल्ह्यानं करडू नेलं की ती शेळी दोन-तीन रात्री ओरडत राहायची, आणि आजी तिची तटतटलेली कास पिळून मोकळी करायची. नुकसान म्हटलं की मला तो आवाज आठवतो. लुसाच्या शेळ्या सणांसाठी विकायच्या आहेत, म्हणजे कापल्या जाणारच आहेत. तिच्यासाठी एक करडू म्हणजे शेत हातात राहण्याचा एक हप्ता. पण पुस्तकात तीच एक व्यक्ती अशी आहे, जिचं जंगलावर, अगदी रात्रीच्या पतंगांवरही प्रेम आहे आणि जिचं पोट जनावरांवर आहे. डिआना पगारावर जगते, तिचं कायोटीनं काही जात नाही. एडीचं जंगलावर प्रेम नाही. परीक्षा घ्यायची तर लुसाचीच घ्यायला हवी होती. पण सबंध उन्हाळा सरतो आणि एकही करडू जात नाही. खालच्या गोठ्यापर्यंत डोंगरावरचा धोका लेखिका येऊच देत नाही.

असं काही घडलं असतं तर लुसानं काय केलं असतं? कदाचित लोक प्रत्यक्षात करतात तेच. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 2000च्या सुमारास, म्हणजे ही कादंबरी आली त्याच काळात, सरकारी शिकाऱ्यांवरचा खर्च थांबवून तो पैसा मेंढपाळांना कुंपणं आणि राखणदार कुत्री यांसाठी द्यायला सुरुवात झाली. ग्रेट पिरनीजसारख्या कुत्र्यांची पिल्लं काही आठवड्यांची असतानाच कोकरांमध्ये सोडतात, म्हणजे मोठेपणी ती मेंढ्यांनाच आपलं कुटुंब मानतात. कळपात लामा किंवा गाढव ठेवतात. मेंढ्या विण्याच्या दिवसांत त्यांना गोठ्यात घेतात, मेलेलं जनावर रानात पडू देत नाहीत. कुत्र्यांच्या भरवशावर रात्र काढणाऱ्या आपल्या धनगरांना यात नवल वाटणार नाही. यानं सगळी कोकरं वाचत नाहीत. अधूनमधून एखादं जातं, आणि मग पुन्हा कुंपण तपासायचं.

हे सगळं कंटाळवाणं आहे, हे मला मान्य आहे. कुंपण दुरुस्त करण्यावर महाकाव्य लिहिता येत नाही. पण किंगसॉल्व्हरनंच याच पुस्तकात किडे, शेळ्यांची पैदास आणि फवारणीची भांडणं इतकी रसरशीत केली आहेत, की कुंपणाचंही तिनं काहीतरी केलं असतं, असं वाटतं. तिच्या हातात ते होतं, म्हणून तर तक्रार.

आणि तरीही पुस्तक वाचाच, हे सांगण्याचं कारण शेवटचं प्रकरण. तिथं माणसं बाजूला होतात आणि आपण एका कायोटी मादीच्या नाकानं तो परिसर हुंगत चालतो. इथं ती कुणाच्या उपयोगाची नाही, नायिका नाही, चोरही नाही. कुणाचा तरी माग काढत ती रात्रीची निघाली आहे, बस. कादंबरीच्या सुरुवातीला डिआनाची चाल जशी सांगितली होती, तिच्याच जवळपासच्या शब्दांत आता हिची चाल येते, आणि डोंगरावर माणूस कधीच एकटा नव्हता हे भाषणाशिवाय कळतं. डिआनाच्या सगळ्या युक्तिवादांनी माझं जे मत बदललं नसतं, ते या थोड्या पानांनी जरा हलवलं. ही मादी उंदीर किती खाते, याचा हिशेब मी वाचताना एकदाही मांडला नाही.

मी तिच्यामागून त्या उतारावरून खाली येत होते, आणि कान मात्र गोठ्याकडे लागले होते. लुसा जागी असेल का, एवढाच प्रश्न पुस्तक मिटल्यावर उरला.