संमती की मुकाटपणा? : अमेरिकेतील वाहनतपासणीविषयक विचाराचा परामर्श

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोलिसांनी आपण होऊन नागरिकाशी संबंध साधण्याचे प्रसंग सर्वांत अधिक घडतात ते मोटाररस्त्यावर. गस्तीची गाडी मागून येते, तिचे दिवे लुकलुकू लागतात, चालक आपले वाहन कडेला घेतो आणि परवाना पुढे करतो. हा प्रसंग बहुधा काही मिनिटांत संपतो. परंतु राज्यसंस्था आपणांस नागरिक समजते की संशयित, याविषयीचा चालकाच्या मनाचा ग्रह त्या अल्पावधीत पक्का होऊन जातो. कॅन्सस विद्यापीठातील चार्ल्स एप्प, स्टीव्हन मेनार्ड-मूडी आणि डोनाल्ड हेडर-मार्केल यांचा 'पुल्ड ओव्हर' हा २०१४ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या ग्रहाची मीमांसा करतो. त्याचे महत्त्व नीट ध्यानात येण्यासाठी तो ज्या न्यायनिर्णयांच्या आणि ज्या विचाराच्या पार्श्वभूमीवर उभा आहे, त्यांचा विचार प्रथम करणे अगत्याचे आहे.

अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून नागरिकाला संरक्षण देते. १९२५ मध्ये, मद्यबंदीच्या काळात, मोटारीच्या आसनांत दडवलेल्या दारूच्या 'कॅरोल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घर आणि मोटार यांत भेद केला. घर जागच्या जागी राहते, मोटार मात्र अधिपत्र मिळेपर्यंत निघून जाते. म्हणून सबळ कारण असल्यास अधिपत्रावाचून तिची झडती घेता येते, असा हा निर्णय होता. १९७३ च्या 'श्नेकलॉथ' निर्णयाने पुढचे पाऊल टाकले. कॅलिफोर्नियात मध्यरात्रीनंतर एक मोटार थांबवण्यात आली. तिचा पुढचा एक दिवा व क्रमांकपट्टीवरचा दिवा बंद होता, एवढेच निमित्त. झडतीस गाडीतील एकाने होकार दिला आणि चोरीचे धनादेश सापडले. नकार देण्याचा आपणांस अधिकार आहे, हे होकार देणाऱ्यास ठाऊक होते असे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असे बहुमताने ठरले. १९९६ च्या 'रेन' निर्णयाने, वाहतुकीचा नियम मोडल्याचे सबळ कारण असेल तर थांबवणाऱ्या पोलिसाचा अंतस्थ हेतू चौथ्या दुरुस्तीच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरवला. वंशभेदाची तक्रार समान संरक्षणाच्या तत्त्वाखाली करावी, एवढी वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. त्याच वर्षीच्या 'रॉबिनेट' निर्णयाने, झडतीची अनुमती मागण्यापूर्वी 'आता तुम्ही जाऊ शकता' असे चालकाला सांगण्याचे बंधनही नाकारले.

या निर्णयांत एक काल्पनिक व्यक्ती सर्वत्र वावरताना दिसते. ती म्हणजे न्यायालयाचा 'समंजस मनुष्य'. आपण केव्हा मोकळे झालो हे त्याला आपोआप कळते. गणवेशधारी पोलीस खिडकीशी उभा असतानाही तो शांतपणे नकार देऊ शकतो. साहित्यातील एखादे पात्र इतके सोयीस्कर असते, तर टीकाकाराने त्याच्या सत्याभासाविषयी खचितच शंका घेतली असती. न्यायनिर्णयांतील हे पात्र मात्र टीकेवाचून दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

दुसरी पार्श्वभूमी सौजन्याच्या विचाराची आहे. टॉम टायलर यांच्या १९९० च्या 'व्हाय पीपल ओबे द लॉ' या ग्रंथाने असे प्रतिपादन केले की, लोक कायदा पाळतात ते केवळ शिक्षेच्या भयाने नव्हे. अधिकाऱ्याने वापरलेली पद्धत न्याय्य वाटली, त्याने आदराने वागवले, तर प्रतिकूल निर्णयही लोक स्वीकारतात. हा सिद्धांत मौलिक आहे. परंतु व्यवहारात त्याचे रूपांतर सभ्य भाषेच्या प्रशिक्षणात झाले. पोलिसाने 'सर' म्हणावे, कारण सांगावे, आभार मानावे, म्हणजे विश्वास आपोआप उत्पन्न होईल, अशी समजूत रूढ झाली.

'पुल्ड ओव्हर'चा खरा आघात या समजुतीवर आहे. कॅन्सस सिटी महानगर परिसरातील चालकांची पाहणी करून ग्रंथकारांनी थांबवण्याचे दोन प्रकार वेगळे केले. वेगमर्यादेचे ठळक उल्लंघन किंवा लाल दिवा ओलांडणे यांसाठी थांबवणे हा वाहतूक-सुरक्षेचा प्रकार. बंद दिवा किंवा मुदत संपलेली नोंदणी यांसारख्या क्षुल्लक निमित्ताने थांबवून प्रश्न विचारणे व झडती मागणे हा अन्वेषणाचा प्रकार. पहिल्या प्रकारात वर्णभेद फारसा आढळला नाही. दुसऱ्यात तो ठळकपणे आढळला. पंचवीस वर्षांपर्यंतच्या कृष्णवर्णीय पुरुषास वर्षभरात अन्वेषणासाठी थांबवले जाण्याची शक्यता सुमारे २८ टक्के, तर त्याच वयाच्या श्वेतवर्णीय पुरुषास सुमारे १२.५ टक्के दिसून आली. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, अन्वेषणासाठी थांबवलेल्या चालकाचा रोष पोलिसाच्या सौजन्याने शमत नाही. वेगासाठी थांबवलेला मनुष्य कठोर शब्द ऐकूनही दंड रास्त मानू शकतो. निमित्तासाठी थांबवलेला मनुष्य मृदू शब्दांनीही समाधान पावत नाही. 'माझ्याशी कसे बोलले' यापेक्षा 'मलाच का थांबवले' हा प्रश्न त्याला अधिक बोचतो.

या निष्कर्षाला ऐतिहासिक अर्थ प्राप्त होतो तो सारा सिओ यांच्या 'पोलिसिंग द ओपन रोड' (२०१९) या ग्रंथामुळे. मोटारीच्या प्रसारापूर्वी पोलिसांचा संबंध मुख्यतः समाजाच्या कडेवरील लोकांशी येई. मोटारीने प्रतिष्ठित गृहस्थांनाही नियमभंग करणारे बनवले आणि त्यांना न दुखावता कसे थांबवावे, हा प्रश्न पोलीस-सुधारकांपुढे उभा राहिला. रस्त्यावरचे सौजन्य हे अशा रीतीने प्रतिष्ठितांसाठी घडवलेले साधन होते. ज्याच्यावर मुळात संशयच आहे त्याच्यासाठी तेच साधन वापरले असता ते निष्फळ ठरावे, यात आश्चर्य नाही. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचल्यासच हा दुवा स्पष्ट होतो.

येथे 'रेन' निर्णयातील उणीव उघडी पडते. न्यायालयाने हेतू अप्रस्तुत ठरवला. नागरिक मात्र निवाडा करतो तो हेतूचाच. कायदा विचारतो, नियम मोडला होता काय? चालक विचारतो, इतरांनीही मोडलेल्या नियमासाठी मीच का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही निर्दोष असले, तरी ते दुसऱ्याचे उत्तर होत नाही. संमतीविषयीही हेच म्हणता येईल. मराठीत 'संमतीने देणे' आणि 'मुकाट्याने देणे' हे दोन भिन्न प्रयोग आहेत. पहिल्यात नकाराची शक्यता गृहीत असते. दुसऱ्यात ती मनातल्या मनात गिळलेली असते. श्नेकलॉथ आणि रॉबिनेट या निर्णयांनी दुसऱ्याला पहिल्याचे नाव दिले. श्नेकलॉथमधील भिन्नमतात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी, जो अधिकार ठाऊकच नाही तो सोडून दिला असे कसे म्हणावे, अशा आशयाचा आक्षेप घेतला होता; तो अद्यापि अनुत्तरित आहे.

ग्रंथाला मर्यादाही आहेत. पाहणी एकाच महानगराची असून ती चालकांच्या स्मरणावर आधारलेली आहे. थांबण्याचे वर्गीकरण सांगितलेल्या कारणावरून केल्यामुळे, खरोखर सुरक्षेसाठी दाखवलेला बंद दिवा अन्वेषणात जमा होतो, तर वेगाच्या निमित्ताने घेतलेला संशय सुरक्षेत दडून राहतो. परंतु ही दुसरी चूक वर्णभेद वाढवून नव्हे, तर झाकून दाखवणारी आहे. म्हणून मुख्य सिद्धांतास तिने बाध येत नाही. शिवाय नॉर्थ कॅरोलायनातील सुमारे दोन कोटी नोंदींवर आधारलेल्या 'सस्पेक्ट सिटिझन्स' (२०१८) या ग्रंथातही कृष्णवर्णीयांच्या झडतीचे प्रमाण अधिक आढळले आहे. तेथे आधार स्मरणाचा नसून सरकारी नोंदीचा आहे. अधिक गंभीर उणीव ही की, वरिष्ठांच्या अपेक्षेखाली निमित्त शोधणाऱ्या पोलिसाचे मन वाचकापुढे तितक्या सजीवपणे येत नाही, जितके चालकाचे येते.

२०१५ च्या 'रॉड्रिग्ज' निर्णयाने, वाहतुकीचे काम संपल्यावर श्वानतपासणीसाठी चालकास वाजवी संशयावाचून अडकवून ठेवणे घटनाबाह्य ठरवले. फिलाडेल्फिया नगराने २०२१ मध्ये नियम करून, एखादा दिवा बंद असण्यासारख्या क्षुल्लक कारणासाठीच केवळ वाहन थांबवण्यास मनाई केली; तो २०२२ पासून अमलात आला. श्नेकलॉथ प्रकरणाचा आरंभ बंद दिव्यापासूनच झाला होता, हे येथे स्मरणीय आहे. न्यायालयाने जो प्रश्न संमतीच्या तर्काने सोडवू पाहिला, तो नगरसभेने निमित्तच काढून घेऊन हाताळला. 'पुल्ड ओव्हर'चा निष्कर्षही याच दिशेस नेतो. पोलिसाची वाणी सुधारल्याने विश्वास उत्पन्न होत नाही. ज्या कारणासाठी हात वर करून गाडी थांबवली जाते, ते कारण सर्वांसाठी एकच आणि उघडपणे सांगता येण्याजोगे असेल, तरच चालकाच्या होकाराला संमती म्हणता येईल.