झिंगाट कोणाच्या अंगणात वाजते?

संपादकांनी यंदा माझ्याकडे कथा मागितली होती. ती लिहावयास बसलो, दोन पाने झाली, आणि मागच्या गल्लीतून वरात निघाली. बँडवाल्यांनी ‘झिंगाट’ धरले. त्यानंतर कथा काही पुढे सरकेना. तेव्हा कथेऐवजी त्या गाण्याविषयीच लिहितो. वाचकांनी राग मानू नये. घरात एकही लग्न त्या गाण्यावाचून पार पडले असेल, असा वाचक मला तरी विरळाच वाटतो.

मी चित्रपटांचा जाणकार नव्हे. लोणखेड्यात मुलांना चित्रकला शिकवतो, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो, आणि माझे शिक्षण मॅट्रिकपाशीच थांबले. चौकटीत काय घ्यावे आणि चौकटीबाहेर काय ठेवावे, एवढा एकच विचार मी गेली वीस वर्षे मुलांच्या कागदावर वाकून करीत आलो आहे. सिनेमाच्या पडद्याकडे मी त्याच सवयीने बघतो.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी आला. आम्ही तो शहाद्याला जाऊन पाहिला. भर उन्हाळा, आणि गोमाईच्या अलीकडची-पलीकडची सारी तरुण मंडळी थिएटरात लोटलेली. पडद्यावर केळीची बाग आली की शिट्ट्या पडत. कारण तसली बाग आमच्या हद्दीत पावलोपावली आहे. चित्रण करमाळ्याकडचे, पण आपलेच शिवार कुणीतरी एवढे देखणे करून दाखवले, असे आम्हा साऱ्यांना वाटले. पुढे पुष्कळांनी लिहिले की, यातली गाणी म्हणजे गल्ल्याची सोय. खरा चित्रपट मध्यंतरानंतर सुरू होतो. मला हे मत मुळीच पटत नाही.

‘याड लागलं’ हे गाणे घ्या. परशा होडीवरून पाण्यात झेप घेतो, पोहतो, धावत सुटतो आणि अखेर ज्या विहिरीत आर्ची पोहत असते तिच्यात उडी टाकतो. एवढीच गोष्ट. पण सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा हे धावणे संथ करून दाखवतो. मंदगतीची ही युक्ती काही नवी नव्हे. हिंदी पडद्यावरचा नायक वर्षानुवर्षे असाच, केस उडवीत, धावत आला आहे. नवे आहे ते हे की, इथे धावतो तो मासे धरणाऱ्याचा मुलगा. गरिबाच्या पोराला आयुष्यात सवड अशी मिळत नाही. कुणीतरी हाक मारतो आणि त्याला उठावे लागते. ह्या गाण्यात त्याला सवड मिळाली आहे. त्याचे एकेक पाऊल जमिनीवरून उचलले जाते तेव्हा जणू साऱ्या जगाने त्याच्यासाठी थांबावे, असा कॅमेऱ्याचा आग्रह दिसतो. आणि त्याच्या मागे वाजते काय, तर पाश्चात्य वाद्यांचा भला मोठा ताफा! अजय-अतुल यांनी ते संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रित केले. कुणी त्याला हौस म्हणाले, कुणी उधळपट्टी. मला तो न्याय वाटला. विहिरीकडे धावणाऱ्या पोरामागे एवढी व्हायोलिने यापूर्वी कुणी उभी केली होती?

पुढे प्रेमाच्या ऐन बहरात दोघे एका वठलेल्या झाडाच्या फांदीवर बसलेली दिसतात. चित्रकलेच्या मास्तराचे लक्ष तिथेच खिळले. आजूबाजूला ऊस आहे, केळी आहेत, पाणी आहे. आणि बसण्यासाठी निवडले आहे ते एक निष्पर्ण झाड. आकाशावर त्याच्या फांद्या काळ्या शाईने काढल्यासारख्या दिसतात. कुणी बोट दाखवून सांगत नाही की, पाहा, ही पुढच्या अनर्थाची खूण. गंमत अशी की, पुढे लोक त्या झाडाशी फोटो काढून घेण्यासाठी करमाळ्याकडे जाऊ लागले! खूण डोळ्यांत भरली, अर्थ मात्र तिथेच राहिला.

मंजुळ्यांच्या ‘फॅन्ड्री’त (2013) असे होत नाही. तिथे खुणा उघड्या आहेत. मेलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते, आणि त्या भिंतीवर सावित्रीबाई, आंबेडकर, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले असतात. तसल्या भिंती मी स्वतः रंगवल्या आहेत. त्यामुळे ते दृश्य मला फार लागले. नाक नीट साधले का, फेट्याचा रंग बरोबर आला का, एवढीच काळजी करीत मी शिडीवर उभा राहिलो होतो. खालून कोण जाते हे वळून पाहिले नव्हते.

आता ‘झिंगाट’.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींनी हे गाणे निवडले, आणि नाच बसवण्याचे काम माझ्याकडे आले. चित्रकलेच्या मास्तराकडे पडदा, पताका, नाच, नाटक, सारे येते. दहावीतली एक मुलगी दोन दिवस तालमीला आली आणि तिसऱ्या दिवशी नाही म्हणाली. चांगली नाचणारी मुलगी. मी जरा रागावूनच विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, “सर, ते गाणं तिच्या भावाच्या वाढदिवसाचं आहे ना?”

मी हसलो. “अगं, मग काय झालं?”

ती काही बोलली नाही. तिच्या मोठ्या बहिणीने जातीबाहेर लग्न केले होते, आणि त्या घरात तिचे नावही घेतले जात नसे, हे मला फार मागाहून कळले.

त्या रात्री मी चित्रपट पुन्हा मनात उलगडून पाहिला. मुलगी बरोबर बोलली होती. ‘झिंगाट’ वाजते ते आर्चीच्या वाड्यावर, तिचा भाऊ प्रिन्स याच्या वाढदिवसाला. त्याच समारंभात दोघे पकडली जातात. आणि अखेरीस हैदराबादेत त्यांच्या दाराशी भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन जो पाहुणा येतो, तो हाच प्रिन्स. म्हणजे सारा महाराष्ट्र ज्या गाण्यावर बेभान होतो, ते गाणे मारेकऱ्याच्या अंगणातले आहे. नाचणारा परशा त्या अंगणात आला आहे तो पाहुणा म्हणूनही नव्हे.

त्या गाण्यात कॅमेरा काय करतो? तो नाचणाऱ्यांत शिरतो, त्यांच्याबरोबर उसळतो. बाजूला उभा राहून कुणाची चौकशी करीत नाही. त्यामुळे आपल्यालाही बाजूला उभे राहता येत नाही. आपण त्या अंगणात पोहोचलेलो असतो. दिग्दर्शकाचा हा डाव मोठा धूर्त आहे, आणि दुबळाही आहे. गाणे चित्रपटातून सुटून एकटेच वरातीत फिरू लागले की, अंगण कोणाचे हे सांगावयास कुणीच उरत नाही. 2018 साली ते ‘धडक’मधून हिंदीतही गेले. गाणे जितके लांब गेले तितके ते अंगण मागे पडले.

मध्यंतरानंतर एकही गाणे नाही. हैदराबादेतली झोपडी, डोशाची गाडी, बाटल्या भरण्याचा कारखाना. कॅमेरा तेथे साधा होतो, पावले नेहमीच्या वेगाने पडतात. पहिल्या भागात गाण्यांनी जी सवड दिली होती ती काढून घेतली आहे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही, जाणवते. मग दारापुढची रांगोळी, चहा, गोडीगुलाबीचे बोलणे. आणि शेवटी शेजारणीबरोबर गेलेले ते तान्हे मूल परत येते आणि रक्ताची पावले उमटवीत बाहेर पडते. त्या वेळी पडद्यावर कसलाही आवाज नाही. शहाद्याच्या त्या थिएटरात मागून दोघा-तिघांनी आरोळी दिली, “आवाज! आवाज!” त्यांना वाटले, यंत्र बिघडले. मग त्यांच्या ध्यानात आले असावे. कारण नंतर खुर्ची सरकल्याचाही आवाज आला नाही.

शांतारामबापूंनी 1937 साली ‘कुंकू’ काढला तेव्हा पार्श्वसंगीत वगळले होते. प्रसंगात जे वाजेल तेच ऐकू येईल, असा दंडक घातला होता. मराठी पडद्याला ही विद्या जुनीच आहे. पण ज्यांनी तीन तास आपल्याला संगीताने न्हाऊ घातले त्यांनीच ते असे अचानक ओढून घ्यावे, हे मी तरी प्रथमच पाहिले. गाणी नसती तर ती शांतता केवळ शांतताच राहिली असती. गाण्यांना गल्ल्याची सोय म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे.

आमच्याकडची पोरे हल्ली गोमाईच्या काठी मोबाईलवर अहिराणी गाणी चित्रित करतात. ‘हाई झुमका वाली पोर’ने साऱ्या महाराष्ट्राला अहिराणीवर नाचवले, तेव्हापासून उत्साहाला भरते आले आहे. बहुतेक चित्रणांत काळा चष्मा, मागून आणलेली मोटारसायकल आणि मंदगतीतली चाल एवढेच असते. मी त्यांना विचारतो, “अरे, हा इतका हळू का चालतो?” ते म्हणतात, “सर, भारी दिसस!” परवा मात्र एकाने उलट विचारले, “मग सर, कोणाला हळू चालवायचं?” मी म्हटले, ज्याला घरी धावावे लागते त्याला. तो विचारात पडला. त्याची आई केळीच्या घडांच्या ट्रकवर कामाला जाते. त्याने पुढे काय केले, ते अजून मला दाखवलेले नाही.

स्नेहसंमेलनातून ते गाणे मी काढले नाही. इतर मुलींची तयारी झाली होती, पालकांना निमंत्रणे गेली होती. कारणे पुष्कळ होती. ती मुलगी त्या दिवशी पडद्यामागे बसून दुसऱ्यांच्या पोशाखांच्या पिना लावीत होती. गाणे संपले तेव्हा टाळ्या थांबेनात, आणि ‘वन्स मोअर’ झाला. मी पडदा पुन्हा उघडला.

आणि या उन्हाळ्यात वरात दारापुढे आली तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. नवऱ्या मुलाचे दोन मित्र माझेच जुने विद्यार्थी. “सर, या ना!” म्हणून त्यांनी हात धरून ओढले. सगळे ठाऊक असूनही दोन-चार कडवी मी त्यांच्यात नाचलो.